घरच्या घरी आयडल आणि थ्रॉटल सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिग्नलला गाडी बंद पडते, आयडल वर-खाली होतो, साफसफाई केली आणि रेस उतरेचना. असे प्रश्न मला वर्षभर येतात आणि पावसाळ्यात जास्तच येतात. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्या शब्दांत आले, साधारण त्याच शब्दांत ठेवले आहेत. सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. एकच आग्रह आधी सांगतो: मोजल्याशिवाय कुठलाही स्क्रू फिरवू नका. खालची निम्मी दुखणी आधी कुणीतरी न मोजता स्क्रू फिरवल्यामुळेच झालेली आहेत.

१. आयडल म्हणजे नेमकं काय? माझ्या गाडीचा किती असावा?

गाडी न्यूट्रलमध्ये आहे, पेडलवर पाय नाही, तरी इंजिन ज्या वेगाने स्वतःला फिरतं ठेवतं तो आयडल. इंजिन पूर्ण तापल्यावर, एसी आणि दिवे बंद असताना, बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो मिनिटाला ७०० ते ९०० फेऱ्यांच्या दरम्यान असतो. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच जास्त थरथरतं, म्हणून त्याचा आयडल सहसा या पट्ट्याच्या वरच्या टोकाला ठेवतात. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

सकाळी थंड इंजिनला १२०० ते १५०० दिसले तर घाबरू नका. ते मुद्दाम केलेलं असतं. पाणी तापेल तसा आकडा खाली यायला हवा. पाच-दहा मिनिटांनंतरही तो उतरला नाही, तरच पुढचे प्रश्न वाचायची वेळ आली.

२. मीटरवर आरपीएमचा काटाच नाही. मग कसं कळणार?

गाडीत ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचं सॉकेट, असेल तर ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर दिसेल. हे सॉकेट स्टिअरिंगखाली असतं. आपल्याकडे ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांना साधा स्कॅनर सहसा चालतो. त्याआधीच्या गाड्यांत चालेलच असं नाही. तिथे आरपीएम मोजणारा वेगळा मीटर घ्यावा लागतो किंवा गॅरेजमध्ये एकदा दाखवून घ्यावं लागतं. कानाने ठरवू नका. कान फसतात, विशेषतः इंजिनाचे माउंटिंग रबर गेलेले असतील तर.

३. जुन्या मारुती ८०० ला एक स्क्रू फिरवला की काम व्हायचं. आताच्या गाडीत तो स्क्रू कुठे आहे?

त्या अर्थाने तो आता नाही. कार्ब्युरेटरला दोन स्क्रू असायचे, एक वेगाचा आणि एक हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा. स्क्रूड्रायव्हर आणि सरावाचा कान असला की पुरे. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि मारुती ८०० सुद्धा एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी, झाली. तेव्हापासून आयडल सांभाळायचं काम गाडीच्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे ईसीएमकडे गेलं.

इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर, पेडल दाबल्यावर उघडणारी पाती ज्या भागात असते ती थ्रॉटल बॉडी. तिच्या बाजूला तुम्हाला जो छोटा स्क्रू दिसतो, तो स्टॉप स्क्रू. थ्रॉटलची पाती पूर्ण मिटून भिंतीत रुतू नये, एवढ्यासाठीच तो असतो. कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून तो लावतात आणि बरेचदा त्यावर रंगाचा ठिपका देतात. त्याला आयडलचा स्क्रू समजणं ही या विषयातली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. कोणी आधीच फिरवला असेल तर प्रश्न १२ पाहा.

काही जुन्या एमपीएफआय गाड्यांत वेगळा बायपास स्क्रू मात्र असतो. रबरी बूच किंवा प्लॅस्टिकच्या टोपणाखाली लपलेला, चपट्या खाचेचा, थ्रॉटल बॉडीच्या अंगातच बसवलेला. तो फिरवायचाच असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने ईसीएमचं नियंत्रण आधी बाजूला ठेवावं लागतं. नाहीतर तुम्ही स्क्रू फिरवाल, ईसीएम दुसरीकडून तेवढीच हवा कमी करेल, आणि काहीच बदललं नाही असं वाटून तुम्ही आणखी फिरवाल.

४. आयएसी आणि टीपीएस एकच का? दुकानदार दोन्हीला 'थ्रॉटलचा सेन्सर' म्हणतो.

एक नाहीत. एक काम करतो, दुसरा खबर देतो.

आयएसी म्हणजे आयडलच्या हवेचा व्हॉल्व्ह. पाय काढल्यावर थ्रॉटलची पाती मिटते, पण इंजिनला जिवंत राहायला थोडी हवा लागतेच. मोठं दार लावलेलं असताना बाजूची छोटी खिडकी उघडी ठेवावी तसा हा व्हॉल्व्ह पातीला वळसा घालून हवा आत सोडतो. खिडकी किती उघडायची हे ईसीएम ठरवतो. एसी लावला, डायनॅमोवर भार आला, पॉवर स्टिअरिंग वळवलं, की ती थोडी जास्त उघडते. काही गाड्यांत हा पायरी-पायरीने पुढेमागे सरकणाऱ्या पिनचा स्टेपर मोटर असतो, काहींत विजेच्या ठोक्यांवर उघडझाप करणारा सोलेनॉइड.

टीपीएस म्हणजे पाती किती उघडली हे सांगणारा सेन्सर. पातीच्या दांड्याच्या टोकाला तो बसतो. आत रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा रेझिस्टन्सचा पट्टा आणि त्यावरून फिरणारा काटा असतो. ईसीएमकडून त्याला ५ व्होल्ट मिळतात आणि पाती उघडेल तसा तो वाढता व्होल्टेज परत पाठवतो.

दोघांचा संबंध असा: टीपीएसने 'पाती मिटली' असं सांगितल्यावरच ईसीएम आयडल सांभाळायला घेतो. टीपीएस खोटं सांगत असेल तर नवा आयएसी बसवूनही उपयोग नाही.

५. माझ्या गाडीत हे आहे की नाही, कसं ओळखू?

बॉनेट उघडा आणि एअर फिल्टरच्या डब्यातून निघालेला जाड रबरी पाइप इंजिनाकडे कुठे जातो ते पाहा. तो जिथे संपतो ती थ्रॉटल बॉडी. तिच्यापर्यंत पेडलची लोखंडी केबल येत असेल तर तुमची गाडी केबलची. अशा गाडीत आयएसी आणि टीपीएस वेगवेगळे सापडतील. केबल नसेल, फक्त मोठा सॉकेट आणि वायरी असतील, तर ती ड्राइव्ह-बाय-वायर. तिच्यात वेगळा आयएसी नसतो, पाती हलवणारी मोटरच आयडल सांभाळते. अशा गाडीच्या मालकांनी प्रश्न १६ आधी वाचावा आणि मगच हात लावावा.

६. घरी काम करायला काय काय लागेल?

डिजिटल मल्टीमीटर, दोन-तीन बारीक टाचण्या, थ्रॉटल बॉडी क्लीनरचा डबा, धागे न सुटणारं सुती कापड, मऊ टूथब्रश, ८ आणि १० नंबरचे पाने, आणि नेमका बसणारा चांगला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर. टीपीएसचे स्क्रू मऊ असतात. चुकीच्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने एकदा डोकं गुळगुळीत झालं की अर्धा दिवस गेला. काही सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा.

जागा उघडी हवी. बंद गॅरेजमध्ये किंवा शटर ओढून इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, ओढणी आणि सैल बाह्या सावरा. रेडिएटरचा पंखा न सांगता फिरायला लागतो.

७. सिग्नलला उभी राहिली की गाडी बंद पडते. सुरुवात कुठून करू?

फुकटच्या गोष्टींपासून. एअर फिल्टर काढून पाहा. केबलच्या गाडीत पेडलखाली पायपुसणं अडकलेलं नाही ना आणि केबल ताणलेली नाही ना, ते पाहा. पाय नसताना केबलला बोटाने दाबल्यावर थोडी ढील जाणवली पाहिजे. बॅटरीची टोकं घट्ट करा. रबरी पाइपला चीर आहे का ते वाकवून पाहा, कारण चीर सहसा खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला असते. स्पार्क प्लग शेवटचे कधी बदलले ते आठवा.

यानंतर थ्रॉटल बॉडी साफ करा, मग टीपीएस मोजा, मग आयएसीकडे वळा. हा क्रम उलटा करू नका. माझ्याकडे आलेल्या बंद पडणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याचशा साफसफाईवरच सुटल्या आहेत.

८. थ्रॉटल बॉडी घरी साफ करता येते का? मी कधी बॉनेटखाली हात घातलेला नाही.

येते, आणि सुरुवात करायला हेच काम चांगलं. आधी काजळी येते कुठून ते समजून घ्या. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ पीसीव्हीच्या पाइपने पुन्हा हवेच्या वाटेत सोडलेली असते. तिच्यात धूळ मिसळते आणि मिटलेल्या पातीच्या कडेभोवती काळं कडं तयार होतं. पातीभोवतीची फट केसाएवढी असते, त्यामुळे एवढंसं कडंही तिच्यातली हवा बरीच अडवतं.

इंजिन बंद आणि थंड असू द्या. किल्ली काढल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबा, कारण अनेक गाड्यांत ईसीएम त्या वेळात आयएसीची पिन जागेवर नेऊन ठेवतो. मग रबरी पाइपचा क्लॅम्प सैल करून पाइप बाजूला करा. पाइपवर तापमानाचा किंवा हवेचा सेन्सर असेल तर त्याचं सॉकेट कुलूप दाबून काढा, वायर ओढू नका.

केबलच्या गाडीत कुणाला तरी पेडल दाबून ठेवायला सांगा, म्हणजे पाती उघडी राहील. क्लीनर थेट आत फवारू नका, कापडावर घ्या. पातीच्या दोन्ही कडा आणि भिंतीवरचं काळं कडं पुसा. कोपऱ्यात टूथब्रश चालेल, पण तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर कधीच नाही. काही थ्रॉटल बॉडींत पातीच्या कडेला आणि भिंतीवर मुद्दाम दिलेला पातळ लेप असतो. तो मळ समजून खरवडला तर पातीभोवतीची फट कायमची वाढते. दांड्याच्या टोकाशी, म्हणजे टीपीएस बसतो तिथे, क्लीनर वाहू देऊ नका. तो आत मुरला तर पट्टा खराब होतो.

थ्रॉटल बॉडी अख्खी काढायची गरज बहुधा नसते. काढलीत तर गॅस्केट नवीन लागेल. बऱ्याच गाड्यांत तिला कूलंटचे दोन बारीक पाइपही जोडलेले असतात, गरम इंजिनावर ते सोडवलेत तर हात भाजेल.

पाइप नीट बसवा, क्लॅम्प आवळा, सगळी सॉकेट लागली का पाहा. पहिल्यांदा सेल्फ थोडा जास्त मारावा लागेल, दोन मिनिटं धूरही येईल. राहिलेला क्लीनर जळतो आहे, बाकी काही नाही.

९. साफ केल्यावर आयडल १५०० वर गेला आणि उतरत नाही. मी काही बिघडवलं का?

बहुतेक नाही. काजळीने जेवढी हवा अडत होती तेवढी भरून काढायला ईसीएमने गेल्या काही महिन्यांत खिडकी थोडी जास्त उघडायची सवय लावून घेतली होती. काजळी गेली, सवय राहिली. इंजिन पूर्ण तापवून, एसी बंद ठेवून, पेडलला न शिवता दहा मिनिटं चालू ठेवा. मग बंद करा, थोडं थांबा, पुन्हा सुरू करा, आणि दोन दिवस नेहमीसारखी चालवा. बऱ्याच गाड्या एवढ्यावर शिकतात. काही मॉडेलना स्कॅनरवरून 'लर्निंग' द्यावं लागतं.

तरीही उतरला नाही तर पाइपचा क्लॅम्प तिरका बसलाय का, एखादी बारीक नळी जोडायची राहिलीय का आणि केबल तिच्या खाचेबाहेर बसलीय का, हे तपासा. तिन्ही चुका मी स्वतः पाहिल्या आहेत.

१०. टीपीएस मल्टीमीटरने कसा तपासायचा?

सॉकेट लावलेलंच ठेवा. वायर सोलू नका. सॉकेटच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने टाचणी अलगद आत सरकवा. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, किल्ली ऑन, इंजिन बंद.

तीन वायरींपैकी एकीवर ५ व्होल्टच्या आसपास मिळेल, एकीवर जवळपास शून्य. उरलेली सिग्नलची. पाती मिटलेली असताना सिग्नलवर साधारण अर्धा व्होल्ट अपेक्षित असतो. पेडल पूर्ण दाबल्यावर बहुतेक गाड्यांत तो ४ ते ४.५ च्या घरात जातो. मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून मॅन्युअलचा आकडाच अंतिम धरा. १२ व्होल्ट दिसले तर तुम्ही चुकीच्या सॉकेटवर आहात.

दोन टोकांच्या आकड्यांपेक्षा मधला प्रवास महत्त्वाचा. पेडल अगदी सावकाश, दहा-बारा सेकंद घेऊन दाबायला सांगा. आकडा चढत गेला पाहिजे. मध्येच तो खाली आपटला किंवा शून्यावर गेला तर त्या जागी पट्टा झिजलाय. झीज सहसा सुरुवातीच्या भागात होते, कारण शहरात आपण तेवढंच पेडल दाबून चालवतो. 'हळू वेगात एक झटका देते, पुढे छान पळते' या तक्रारीमागे मला बरेचदा हेच सापडलं आहे. डिजिटल मीटरचा आकडा उशिरा बदलतो, क्षणाची घसरण त्यात सुटू शकते. घरात जुना काट्याचा मीटर असेल तर तो काढा. काटा थरथरलेला लगेच दिसतो.

५ व्होल्टच येत नसतील तर टीपीएसला दोष देऊ नका. बऱ्याच गाड्यांत तीच वायर दुसऱ्या सेन्सरनाही जाते आणि त्यातला एक शॉर्ट झाला तरी सगळ्यांचा पुरवठा पडतो. इतर सेन्सरची सॉकेट एकेक काढत जा. ज्याचं काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील, तो गुन्हेगार.

११. मिटलेल्या पातीचा व्होल्टेज जास्त येतोय. टीपीएस ढिला करून फिरवला तर चालेल का?

आधी पाती खरोखर मिटली आहे का पाहा. कडेची काजळी, ताणलेली केबल किंवा फिरवलेला स्टॉप स्क्रू यामुळे पातीच थोडी उघडी असेल तर सेन्सर खरंच सांगतोय. तो फिरवून तुम्ही त्याला खोटं बोलायला लावाल.

पाती मिटलेली आहे, तरी आकडा मॅन्युअलच्या बाहेर आहे, अशा वेळी सेन्सरची भोकं पाहा. ती लांबट असतील तर फिरवून लावायची सोय आहे. दोन्ही स्क्रू निम्मे सैल करा, मीटरवर डोळा ठेवून सेन्सर केसाएवढा फिरवा, आकडा जमला की आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा मोजा. आवळताना तो हमखास सरकतो. मग दोन-तीनदा पेडल दाबून सोडा आणि आकडा त्याच जागी परत येतो का पाहा.

काही जुन्या सेन्सरमध्ये पाती मिटल्याचं सांगणारा वेगळा स्विच असतो. तिथे स्टॉप स्क्रू आणि लिव्हरच्या मध्ये फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्याची, पट्टी घालून, कोणत्या जाडीला स्विच लागतो आणि कोणत्या जाडीला सुटतो हे पाहून सेन्सर बसवतात. पट्टीची जाडी मॅन्युअलमधूनच घ्यायची, दुसऱ्या मॉडेलची चालत नाही.

भोकं गोल असतील किंवा स्क्रूंची डोकी मुद्दाम तोडलेली असतील, तर तो सेन्सर फिरवायचा नाहीच. भोकं कानसून लांब करणारे लोक आहेत, तसं करू नका. अनेक ईसीएम किल्ली ऑन केल्यावर दिसलेल्या सर्वात कमी व्होल्टेजलाच 'मिटलेलं' धरतात, त्यामुळे ०.४५ आणि ०.५५ मध्ये त्यांना फरकही पडत नाही.

१२. स्टॉप स्क्रू आधीच कुणीतरी फिरवलाय. रंगाचा ठिपका तुटलेला दिसतो. आता?

माझ्या जुन्या मारुती झेनला हेच झालं होतं. पावसात आयडल पडायला लागला, एका गॅरेजवाल्याने दोन मिनिटांत 'रेस वाढवून' दिली, पैसेही घेतले नाहीत. आठवडाभर बरं चाललं. मग पाय काढल्यावरही गाडी ओढत राहायला लागली आणि घाट उतरताना इंजिनाचा ब्रेक मिळेनासा झाला. मोजलं तर मिटलेल्या पातीला ०.९२ व्होल्ट. ईसीएमला वाटत होतं की माझा पाय सतत पेडलवर आहे, म्हणून तो ना आयडल सांभाळत होता, ना उतारावर पेट्रोल तोडत होता. आणि मुळातलं दुखणं, पातीवरची काजळी, तशीच होती.

करायचं असं. थ्रॉटल बॉडी आधी साफ करा, नाहीतर सगळी मापं चुकतील. केबल सैल करा. स्टॉप स्क्रू किती आटे बाहेर आहे त्याचा फोटो काढा. तो इतका मागे घ्या की लिव्हरला शिवणारच नाही. आता कागदाची बारीक पट्टी स्क्रू आणि लिव्हरच्या मध्ये धरा आणि कागद जेमतेम पकडला जाईपर्यंत स्क्रू आत घ्या. तिथून अगदी थोडा पुढे, एवढाच की पाती हाताने उघडून सोडल्यावर भिंतीला न चिकटता, न घासता मिटली पाहिजे. नट आवळा, केबल लावा, टीपीएस मोजा. माझ्या गाडीला ०.५४ आले आणि त्या दिवसानंतर तो स्क्रू मी शिवलेला नाही.

हे कारखान्याच्या मापाइतकं नेमकं नसतं. बॉडीला हवेच्या प्रवाहाचं माप लावायची सोय घरी नाही. पण मधल्या आकड्यांवर चाचपडण्यापेक्षा हे खूप बरं.

१३. आयएसी काढून साफ केला तर पिन हाताने आत ढकलू का?

नाही. स्टेपरची पिन बारीक आट्यांवर चालते, जोर लावला की आटे जातात. बॅटरीच्या वायरी थेट जोडून 'फिरतो का' हे पाहायचा मोहही टाळा. पिनचं टोक आणि तिची बसायची जागा कापडाने पुसा, मोटरच्या बाजूला क्लीनर जाऊ देऊ नका, रबरी रिंग फाटली असेल तर बदला.

चालतो का हे ओळखायची सोपी रीत म्हणजे तापलेल्या इंजिनावर एसी लावणं. आयडल क्षणभर पडून सावरला तर आयएसी जिवंत आहे. पडला आणि तसाच राहिला तर सॉकेट, वायर आणि मग आयएसी, या क्रमाने बघा. एसी लावल्यावर आकडा ठीक राहतो पण गाडी स्टिअरिंगपर्यंत थरथरते, अशी तक्रार असेल तर इंजिनाचे माउंटिंग पाहा, आयएसी नाही.

१४. आयडल ८०० वरून १८०० ला जातो, परत पडतो, परत जातो. झोपाळ्यासारखं चाललंय.

याला हंटिंग म्हणतात. कुठून तरी न मोजलेली जास्तीची हवा आत येते आणि वेग वाढतो. ईसीएमला दिसतं की पाती मिटलेली आहे आणि वेग मात्र जास्त, म्हणजे गाडी उताराला असणार. तो पेट्रोल तोडतो. वेग पडतो, पेट्रोल परत सुरू होतं, वेग पुन्हा चढतो. झोपाळा हा असा चालतो.

हवा येण्याच्या जागा ठरलेल्या: ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, पीसीव्हीची नळी, मॅनिफोल्डचा गॅस्केट, इंजेक्टरच्या रबरी रिंगा. पुठ्ठ्याची किंवा रबराची लांब नळी कानाला लावून दुसरं टोक फिरवा, गळतीच्या जागी सूं आवाज मिळतो. तापलेल्या इंजिनावर क्लीनर फवारून गळती शोधणारे लोक बघितले असतील. आगीला तेच आमंत्रण आहे. पाण्याचा बारीक फवारा पुरतो: गळतीवर पडला की आवाज क्षणभर बदलतो. प्लगच्या वायरी आणि सॉकेटवर मात्र तो नको.

एक फसवं कारण सांगून ठेवतो. काही जुन्या गाड्यांत थंड इंजिनाचा आयडल वाढवायला मेणाचा व्हॉल्व्ह असतो. तो कूलंटच्या उष्णतेने मिटतो. कूलंट कमी असेल किंवा त्यात हवेचा बुडबुडा अडकला असेल तर त्याला उष्णताच पोचत नाही, तो उघडा राहतो आणि गाडी हंटिंग करते. रेडिएटर भरून, हवा काढून हा रोग गेलेला मी पाहिला आहे. रेडिएटरचं झाकण थंड इंजिनावरच उघडा.

१५. स्कॅनरवर पाय न ठेवता थ्रॉटल १३ टक्के दाखवतोय. शून्य का नाही? आणि पी ०५०७ म्हणजे काय?

१३ टक्के ठीक आहेत. स्कॅनर ५ व्होल्टच्या हिशेबात टक्के सांगतो आणि मिटलेल्या पातीचा सिग्नल मुळात शून्य नसतोच. १० ते १८ च्या दरम्यानचा, न हलणारा आकडा बहुतेक गाड्यांत निरोगी असतो.

पी ०५०७ हा ईसीएमने नोंदवलेला बिघाडाचा कोड आहे. पी ०५०५ म्हणजे आयडलच्या नियंत्रणात बिघाड, पी ०५०६ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा कमी, पी ०५०७ म्हणजे जास्त. पी ०१२२ ला टीपीएसचा सिग्नल फार कमी, पी ०१२३ ला फार जास्त. कोड कुठला भाग बदला ते सांगत नाही. पी ०५०७ आला म्हणून आयएसी विकत घेऊ नका, आधी प्रश्न १४ मधली गळती शोधा. आणि कोड लिहून ठेवल्याशिवाय पुसू नका.

१६. माझी गाडी ड्राइव्ह-बाय-वायर आहे. यातलं काय करू आणि काय नको?

किल्ली ऑन असताना पातीत बोट घालू नका. मोटर तिला अचानक मिटवते आणि बोट सापडतं. किल्ली बंद असतानाही जोराने ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात. साफ करायचं तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा, पाती बोटाने अलगद, कमीत कमी उघडा, कडा पुसा आणि सोडा.

टीपीएस इथे थ्रॉटल बॉडीच्या आतच असतो, एकाऐवजी दोन पट्ट्यांचा. दोघांचं जुळलं नाही की पी २१३५ सारखा कोड येतो आणि गाडी मुद्दाम मंदावते. ती सुरक्षेसाठीची सोय आहे. हे पट्टे घरी लावता येत नाहीत. सॉकेटच्या पिना आणि वायरी तपासणं एवढंच आपल्या हातात. साफसफाईनंतर लर्निंग लागू शकतं, आणि एएमटी गाडीत, म्हणजे जिच्यात क्लच आणि गिअर गाडीच सांभाळते तिच्यात, ते टाळूच नका. क्लच कधी सोडायचा हे ठरवताना तिचा कॉम्प्युटर इंजिनाच्या वेगावर विसंबून असतो.

१७. पेट्रोलवर आयडल छान, सीएनजीवर टाकली की बंद पडते.

पेट्रोलवर छान असेल तर थ्रॉटल बॉडी, आयएसी आणि टीपीएस सहसा निर्दोष. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून प्लग, त्यांची फट आणि कॉइल आधी पाहा. मग एअर फिल्टर, मग कमी दाबाच्या गॅस फिल्टरची तारीख. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये टीपीएसच्या सिग्नलला जोड देऊन वायर काढलेली असते. ती नुसती पीळ देऊन चिकटपट्टीने गुंडाळलेली असेल तर पावसाळ्यात गंजते, मग पेट्रोलवरही झटके सुरू होतात. ती जोडणी तुम्ही बघू शकता.

रेग्युलेटर, गॅसचे पाइप आणि सिलिंडर मात्र अधिकृत किटवाल्याकडेच.

१८. बॅटरी बदलल्यापासून आयडल खाली गेलाय.

ईसीएमची सवय पुसली गेली. प्रश्न ९ मधली दहा मिनिटांची पद्धत करा. त्याने सावरलं नाही तर पाती घाण आहे. शिकलेल्या सवयीने ते आजवर झाकलं होतं.

१९. पावसाळ्यातच त्रास का होतो?

सॉकेटमध्ये ओल शिरते आणि हिरवा गंज चढतो. कोकणात, किनाऱ्यालगत हे जास्त. सॉकेट काढा, रबरी सील पाहा, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, वाळू द्या. पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी काढल्यानंतर आधी एअर फिल्टर ओला झालाय का ते पाहा.

२०. आयडल हाताने वाढवला तर पीयूसीला अडचण येईल का?

येऊ शकते. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. चुकीच्या टीपीएसने किंवा हवेच्या गळतीने मिश्रण बिघडलं तर ती ओलांडायला वेळ लागत नाही. उलट बाजूने, पीयूसीच्या कागदावरचे आकडे जपून ठेवा. गेल्या वेळेपेक्षा एकदम वाढलेला आकडा तुमच्या कानाआधी बिघाड सांगतो.

२१. भंगारातला टीपीएस घेऊ का? नवा महाग आहे.

थ्रॉटल बॉडी जुनी घेतली तर एकवेळ चालेल, कारण ती धुऊन, पातीचा हेलकावा बघून घेता येते. टीपीएस जुना नको, पट्ट्याची झीज बाहेरून दिसत नाही. घ्यावाच लागला तर दुकानातच मल्टीमीटर ओहमवर ठेवून मधल्या आणि कडेच्या पिनेमध्ये मोजत काटा सावकाश फिरवा. आकडा कुठेही तुटला तर परत द्या. नवा घेताना जुना सोबत न्या आणि दांड्याची खाच, भोकांची जागा, पिनांचा क्रम एकमेकांशेजारी धरून जुळवा. आणि बसवताना एवढं पाहा की सेन्सर स्प्रिंगच्या विरुद्ध थोडा फिरवूनच भोकं जुळली पाहिजेत. सहज सरळ बसला तर दांडा खाचेच्या चुकीच्या बाजूला गेलाय, आणि पहिल्यांदा पेडल दाबताच तो आतून तुटेल.